बेटावरची लोकर आणि नावाची किंमत

लोकरीचा विषय काढला की आपल्या भागातील दुकानदार हसतात. इथे स्वेटर घालण्याइतकी थंडी पडते तरी कधी, असे विचारतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. राई, मुर्धा, मोर्वा या बाजूला खाडी, मिठागरे, थोडी भातशेती आणि पुढे उत्तनची मासेमारी. मेंढी दिसलीच तर ती बकरी ईदच्या बाजारात. भाईंदर स्टेशनबाहेर डिसेंबरात जे स्वेटर विकले जातात ते लुधियानाचे. आपल्या ठाणे जिल्ह्यात १९२५ साली सुरू झालेली रेमंडची लोकरी गिरणी कित्येक पिढ्यांना रोजी देऊन गेली. ती गिरणीही आता बंद आहे, आणि तिच्या कापडाची मऊ लोकर मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येत असे.

पण आपणही बेटावरच राहतो, हे आपण विसरलो आहोत. साष्टी हे बेटच आहे. बेटावरच्या माणसाला एक अडचण कायम असते. कच्चा माल थोडा, बाजार लांब आणि मधे दलाल. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथे सुमारे तेवीस हजार माणसे राहतात, म्हणजे मिरा रोडच्या काही गल्ल्यांत मावतील इतकीच. त्यांच्या लोकरीला जगात नाव आहे आणि दरही आहे. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत, आणि आपल्याकडचा मेंढपाळ सांगतो की लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. हा फरक कशामुळे पडला, हे व्यापारी आणि कारागीर या दोघांनीही समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करू. मराठीत आपण चटई विणतो, मासे धरायचे जाळे विणतो, घोंगडी विणतो आणि स्वेटरही विणतो. उर्दूतही सगळ्याला बुनना हाच शब्द. धंद्याच्या दृष्टीने ही कामे निरनिराळी आहेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन धागे लागतात, त्याला आपण ताणा-बाणा म्हणतो. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ मारावी लागते. सुयांवरच्या विणकामात गाठही नसते आणि ताणाही नसतो. एकच धागा फासातून फास काढत पुढे जातो. म्हणून ते ताणले तर ताणते, अंगाबरोबर बसते, आणि एक टोक सुटले की सगळे उसवते. या कामाला कारखाना लागत नाही. दोन सुया आणि धाग्याचा गुंडा घेऊन बाई चालता चालताही काम करू शकते. त्यामुळेच ते घरकाम ठरले आणि त्याची मजुरीही घरकामाच्या मापाने ठरली.

ही कला युरोपची, असा आपला समज असतो. आज उपलब्ध असलेले सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने खरे नमुने इजिप्तमधील आहेत, आणि ते मुस्लिम राजवटीच्या काळातील आहेत. निळ्या व पांढऱ्या सुती धाग्यांचे मोजे, आणि त्यांतील काहींवर कूफी अक्षरांसारखी नक्षी. पुढे ही कला स्पेनमध्ये दिसते. स्पेनच्या बुर्गोस शहराजवळ एका मठात राजघराण्याच्या कबरी आहेत. १२७५ साली वारलेल्या फर्नांदो नावाच्या ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत रेशमी विणकामाची उशी सापडली. तिच्या काठावर अरबी अक्षरांत ‘बरकत’ हा शब्द विणलेला आहे. विणणारा कारागीर मुसलमान होता, असे अभ्यासक मानतात. राजाने कारागिराचा धर्म पाहिला नाही, हात पाहिला. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगावी इतकी ती चांगली आहे.

आता शेटलंडकडे वळू. तिथली मेंढी लहान चणीची, वारा-पावसात डोंगरावर राहणारी. तिची लोकर बारीक आणि मऊ. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती लोकर आपोआप सैल होत असल्यामुळे जुन्या काळी ती कात्रीने न कापता हाताने उपटून घेत. मेंढ्यांचे रंगही अनेक आहेत. पांढरा, काळा, करडा, तांबूस तपकिरी, आणि प्रत्येक छटेला तिथल्या बोलीत स्वतंत्र नाव आहे. त्यामुळे रंग न देताही नक्षी विणता येते. पुरुष मासेमारीला समुद्रावर आणि बायका घरी. शेती, गुरे, जळणाचे ओझे हे सगळे बायकांकडे. कंबरेला घोड्याचे केस भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा बांधायचा, त्या भोकात एका सुईचे टोक खोवायचे आणि पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालताना विणत राहायचे. एकेक शाल इतकी तलम की लग्नाच्या अंगठीतून आरपार जाई. आपल्याकडे काश्मीरच्या शालीबद्दल हेच सांगतात.

एवढे कौशल्य असलेल्या बायकांच्या पदरात काय पडत होते, ते पाहिले तर आपल्यापैकी अनेकांना ओळखीचे वाटेल. १८७२ साली ब्रिटिश सरकारने शेटलंडमधील मजुरी पद्धतीची चौकशी केली. लेरविक हे तिथले बंदर. तेथील व्यापारी शालीची किंमत रोख देत नसत. शालीच्या बदल्यात चहा मिळे, कापड मिळे, दुकानातील इतर वस्तू मिळत. ज्या बाईचा हिशोब पुरा होत नसे तिला उरलेल्या रकमेची चिठ्ठी मिळे, आणि ती चिठ्ठीही त्याच दुकानात चालायची. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, अशी अवस्था. मग ती बाई शेजारीपाजारी जाऊन चहा देऊन पीठ किंवा बटाटे आणी. अर्थात दुकानदार शालीवर एकदा कमवी आणि चहा-कापडावर दुसऱ्यांदा. स्वतःच्या मेंढीची लोकर स्वतः कातून विणणारी बाई आणि व्यापाऱ्याची लोकर घेऊन मजुरीने विणणारी बाई, दोघींची गत बरीचशी सारखीच होती.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरील कामगाराला ‘बाकी’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जरीकामाच्या कारखान्यातील पोराला ‘उचल’ म्हणजे काय तेही माहीत असते. आगाऊ रक्कम घेतली की मालक बदलता येत नाही आणि दर मागता येत नाही. मिरा-भाईंदर परिसरात घरोघरी मणी ओवणे, टिकल्या लावणे, खोट्या दागिन्यांची जोडणी, कपड्यांचे धागे कापणे अशी कामे चालतात. तिथेही नगावर दर असतो आणि तो दर बाईला बहुधा तोंडी सांगितला जातो. शेटलंडमध्ये १८८७ च्या कायद्याने वस्तूंच्या रूपाने मजुरी देण्यावरील बंदी घरी बसून लोकरीचे विणकाम करणाऱ्यांनाही लागू केली. तरीही जुनी पद्धत एका दिवसात गेली नाही, विसाव्या शतकातही ती रेंगाळली. कायदा झाला तरी बाजार एका दुकानदाराच्या हातात असेल तर मोकळा दर मिळत नाही, एवढे यातून दिसते.

१९२२ साली एक घटना घडली. शेटलंडच्या दक्षिणेला फेअर आइल नावाचे एक इवलेसे बेट आहे, आज तिथे शंभर माणसेही नाहीत. तिथल्या रंगीत आडव्या पट्ट्यांच्या नक्षीचा स्वेटर इंग्लंडच्या युवराजाने गोल्फच्या मैदानावर घातला. झाले. लंडनपासून सगळीकडे त्या नक्षीला मागणी आली. ही नक्षी १५८८ साली बेटावर फुटलेल्या स्पॅनिश जहाजावरील खलाशांनी शिकवली, अशी दंतकथा आहे. अभ्यासक ती मानत नाहीत, पण विकायला ती उपयोगी पडली.

मागणी आली तशी नक्कलही आली. यंत्रावर तीच नक्षी निघू लागली, कुठल्याही देशात. ‘शेटलंड’ हा शब्द तर विशिष्ट जातीच्या धाग्याचे सर्वसाधारण नाव होऊन बसला. दुकानातील ‘शेटलंड’ स्वेटरने शेटलंड कधी पाहिलेले असेलच असे नाही. १९७० च्या दशकात त्या समुद्रात तेल सापडल्यावर बेटावर नोकऱ्या आल्या आणि पुष्कळ बायकांनी सुया खाली ठेवल्या. यात त्यांचा दोष नाही. नगावरच्या मजुरीपेक्षा महिन्याचा पगार कोणालाही बरा वाटणार. अखेर २०११ मध्ये बेटावर जन्मलेल्या मेंढ्यांच्या मूळ लोकरीला युरोपीय कायद्याखाली नावाचे संरक्षण मिळाले. ते मिळाले तेव्हा ‘शेटलंड’ हा शब्द जगभर फुकट वापरला जाऊन किती वर्षे झाली होती, हे लक्षात घ्यावे.

आयर्लंडच्या अरान बेटांची गोष्ट थोडक्यात सांगतो. जाड पांढऱ्या स्वेटरवरील दोरखंडासारखी नक्षी पाहून बुडालेला कोळी कोणत्या घराण्याचा ते ओळखता येत असे, असे प्रवाशांना हमखास सांगतात. ही कल्पना १९०४ सालच्या एका नाटकातून पसरली आणि त्या नाटकातही स्वेटर नसून मोजा होता. गोष्टीने माल खपला, पण तो माल आता बहुतेक यंत्रावर निघतो.

नाव वेळेवर धरून ठेवले ते हॅरिस आणि लुईस या बेटांनी. तिथे सुया नाहीत, माग आहे, आणि कापडाचे नाव हॅरिस ट्वीड. १९०९ साली तेथील व्यापारी व विणकरांनी मंडळ स्थापून गोल आणि क्रूस असलेला शिक्का नोंदवला, आणि १९११ पासून तो कापडावर मारू लागले. धंदा वाढला तेव्हा हाताने कातलेले सूत पुरेना. १९३४ मध्ये व्याख्या बदलून गिरणीच्या सुताला परवानगी दिली, अट एकच, गिरणी बेटावर असावी. बाहेरच्या गिरण्यांचे सूत वापरून तेच नाव लावणाऱ्यांशी कोर्टात लढाई झाली आणि १९६४ चा निकाल बेटवाल्यांच्या बाजूने लागला. १९९३ साली तर खुद्द ब्रिटिश संसदेने या एका कापडासाठी कायदा केला. त्या कायद्यानुसार कापड बेटवासीयाने स्वतःच्या घरी हाताने विणलेले पाहिजे, आणि सूत रंगवणे, कातणे व शेवटची धुलाई-तयारी हे सगळे बेटावरच झाले पाहिजे. माग पायाने चालवतात, वीज लावायची नाही.

इथे व्यापाऱ्याने बारकाईने वाचावे. मेंढी बेटावरचीच हवी, असे कायदा म्हणत नाही. लोकर शुद्ध व नवी असावी, एवढीच अट. पुष्कळशी लोकर मुख्य भूमीवरून येते. म्हणजे तिथे नाव बांधले गेले ते घराला आणि हाताला. शेटलंडच्या संरक्षणात नाव मेंढीला बांधलेले आहे. कोणत्या गोष्टीला नाव बांधायचे हा निर्णय आधी घ्यावा लागतो, आणि तो घेताना कारागिराची रोजी कुठे आहे ते पाहावे लागते.

शिक्का असला म्हणजे सगळे आबाद, असेही नाही. २००४ मध्ये एका अमेरिकन बूट कंपनीने बुटांसाठी हॅरिस ट्वीडची मोठी मागणी नोंदवली आणि बेटावर उत्साह आला. दोनच वर्षांनी यॉर्कशायरच्या एका उद्योगपतीने तेथील सर्वांत मोठी गिरणी विकत घेतली. जुन्या वहीत सुमारे आठ हजार नमुने होते. त्याने ते चारवर आणले आणि कापड इतरांना विकण्याऐवजी स्वतःच्या कोटांसाठीच वापरायचे ठरवले. कोट पडून राहिले, घरोघरचे माग थांबले. शेवटी २००७ मध्ये शॉबॉस्ट गावची बंद गिरणी दुसऱ्या मंडळींनी पुन्हा चालू केली आणि जुन्या गिऱ्हाइकांना हवे ते नमुने देऊ लागले, तेव्हा विणकरांना पुन्हा सूत मिळाले. हातमागाचे बळ थोड्या थोड्या मापात पुष्कळ नमुने देण्यात असते. ते सोडून तो यंत्राशी एका नमुन्यावर झुंजायला गेला तर हरणारच.

आता आपल्या मुलखात येऊ. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातील दख्खनी मेंढीची लोकर काळी, आखूड आणि राठ असते. धनगर ती कातरतात, बायका-पुरुष चरख्यावर कातून सूत काढतात. सनगर आणि खुटेकर धनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. सुताला चिंचोक्याची खळ देऊन कुंच्याने ते सारखे करतात. घोंगडी टोचते खरी, पण पावसात डोक्यावर खोळ करून घेतली की पाणी आत यायला वेळ लागतो, आणि ओली झाली तरी ऊब सुटत नाही. पूर्वी ती घरोघरी होती. पानिपतला जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांच्या सुताची स्वस्त ब्लँकेट्स निघू लागली, पुढे कृत्रिम धाग्याची आली, आणि घोंगडी देव्हाऱ्यापुढच्या आसनापुरती व मेंढपाळाच्या खांद्यापुरती उरली.

मेंढपाळाचे उत्पन्न तर लोकरीवरून केव्हाच हटले आहे. दिवाळीनंतर फलटण-माणकडील धनगर कळप घेऊन घाट उतरतात. ठाणे-रायगडचे शेतकरी भात कापलेल्या शेतात मेंढ्या बसवून घेतात आणि त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतात. दुसरे उत्पन्न मटणाचे. म्हणून जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीसारख्या मोठ्या, भराभर वाढणाऱ्या आणि लोकर कमी असलेल्या जातीकडे ओढा वाढला. मेंढपाळाच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. मात्र त्यामुळे विणकराला चांगले काळे सूत मिळणे दर पिढीला अवघड होत चालले.

राठ लोकर म्हणजे निरुपयोगी लोकर, हा समज मात्र खरा नाही. हॅरिसचे कापडही मुळात राठ लोकरीचेच, आणि ते टिकते म्हणूनच त्याला किंमत येते. आपल्या समाजाचाही या लोकरीशी जुना संबंध आहे. पिंजारी, म्हणजे मन्सुरी समाजातील कारागीर केवळ कापूस पिंजत नव्हते. लोकर पिंजायची, पसरायची, पाणी-साबण देऊन गुंडाळायची आणि हाता-पायांनी तासन्‌तास दाबून तिचा नमदा करायचा, हे काम दख्खनमध्ये त्यांच्याच हाती होते. मराठीत त्याला बुरणूस म्हणतात, हा शब्दही अरबीतून आलेला. ना सूत लागते, ना माग. घोड्याच्या खोगिराखाली, बिछान्याखाली आणि नमाजासाठी अंथरायला तो वापरत. आखूड, राठ, कोणी घेत नाही ती लोकर या कामाला चालते. खाटीक आणि चामड्याच्या धंद्यात जे बांधव आहेत त्यांच्या हाताखालून मेंढीच्या कातड्याबरोबर लोकर रोज जाते. कातड्यावरून निघणारी ही लोकर नमद्याला, गालिच्याच्या सुताला आणि उष्णता अडवणाऱ्या पट्ट्यांना उपयोगी पडते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नाव धरून ठेवण्याचे आपल्याकडचे साधन म्हणजे भौगोलिक मानांकन. १९९९ चा कायदा २००३ च्या सप्टेंबरात अमलात आला. काश्मीरच्या पश्मिन्याला २००८ मध्ये मानांकन मिळाले. त्यात तंतू सोळा मायक्रॉनपर्यंत बारीक, सूत हाताने कातलेले आणि कापड हाताने विणलेले असावे, अशी अट घातली गेली. ही अट का महत्त्वाची? यंत्रावर कातताना पश्मिन्याचा बारीक धागा तुटतो, म्हणून त्यात नायलॉन मिसळतात आणि शाल तयार झाल्यावर आम्लाने तो नायलॉन काढून टाकतात. शाल दिसायला तशीच, पण आयुष्य कमी आणि चरख्यावरची बाई बेकार. श्रीनगरच्या प्रयोगशाळेत तपासून खऱ्या शालीला लेबल लावतात. याउलट सोलापुरी चादरीला मानांकन असूनही त्या नावाने बाहेरची यंत्राची चादर विकली जाते, ही सोलापूरकरांची तक्रार जुनीच आहे. तपासणारा माणूस आणि दावा लावणारे मंडळ नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर टांगून राहते.

आज बाजारात घोंगडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाला ती कोणत्या गावची, हातसुताची की गिरणीच्या सुताची, काळा रंग मेंढीचा की डब्यातला, यातले काहीच कळत नाही. ज्यांना या मालाचा व्यापार करायचा आहे त्यांनी सुरुवात इथून करावी. चिठ्ठीवर गाव, लोकर, लांबी-रुंदी, वजन आणि विणणाऱ्याला दिलेली मजुरी लिहावी, आणि मजुरी रोख द्यावी. मानांकनाची नोंद संस्थेच्या नावाने चेन्नईच्या कार्यालयात होते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पण तेवढ्याने प्रत्येक कारागिराला नाव वापरण्याचा हक्क मिळत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. २०२० च्या सुधारित नियमांनी त्याचे शुल्क नाममात्र केले आहे. एकाच मालाचे कारागीर दोन राज्यांत असतील तर काय, असा प्रश्न येतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेची नोंद महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळून झाली. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दख्खनी मेंढीचा आणि काळ्या घोंगडीचा मुलूखही बराचसा हाच आहे.